आवरून येतो, डॉक्टर!

वर्षातून एकदा आम्हा डॉक्टर मंडळींचं बारामतीला एकत्र जेवण असतं. जेवणं उरकली की किस्से सुरू होतात. सर्जन लोकांच्या किश्श्यांत रक्त असतं. भूलतज्ज्ञांच्या किश्श्यांत सर्जन असतात! माझी पाळी आली की मी म्हणते, "माझ्याकडे एकच किस्सा आहे. त्यातली माणसं तेवढी बदलत राहतात."

हे मी विनयाने म्हणत नाही, कंटाळून म्हणते. इतकी वर्षं झाली, तोच किस्सा रोज नवे कपडे घालून माझ्या ओपीडीत येऊन बसतो. आता मोजणं सोडून दिलंय.

मी फिजिशियन. भिगवणला हायवेवरच्या मासळीच्या हॉटेलांच्या मागच्या अंगाला माझा दवाखाना आहे. चार खाटा, एक ईसीजीचं मशीन, एक मॉनिटर आणि मंगलताई. मंगलताई आमच्या सिस्टर. दवाखाना माझ्या नावावर आहे, फरशी त्यांच्या! ती त्या दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत. आणि ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला की त्यांचं बीपी मला मशीन न लावता कळतं.

तर किस्सा असा. फोन येतो, "म्याडम, छातीत लय धडधडतंय. गरगरतंय. डोळ्यापुढं अंधारी येतीय."

मी म्हणते, "तसेच या. लगेच या."

"व्हय व्हय. आवरून येतो!"

आमच्या भागात दवाखान्याला जाणं म्हणजे गावाला जाणं. आंघोळ होणार, धुतलेले कपडे निघणार, डोक्याला तेल लागणार, चहा होणार, गुरांना वैरण पडणार, शेजारी निरोप जाणार. मग स्वारी निघणार. तोवर धडधड कधीच आटपून गेलेली असते. नाहीतर माणूस आटपायच्या बेतात असतो.

लोकांना मी अगदी सोप्या भाषेत सांगून ठेवलेलं आहे. जिना चढलात, कडक चहा झाला, घरात भांडण झालं आणि छाती धडधडली, तर बसा, पाणी प्या, दोन-चार मिनिटांत उतरेल. पण बसल्या जागी, काही कारण नसताना ठोके पळायला लागले आणि सोबत चक्कर, अंधारी, दम किंवा छातीत दुखणं यातलं काहीही असलं, तर थांबू नका. चक्कर वाटते तिथेच आडवे व्हा, कुणाला तरी हाक मारा, आणि त्याच्या गाडीवर या. स्वतः गाडी चालवू नका. आणि आवरू नका!

हे ऐकताना सगळे मान डोलावतात. फार समजूतदार लोक आहेत हो आमचे.

* * *

छायाबाई मासळीच्या व्यापारात. उजनीच्या पाण्यातली मासळी सकाळी भिगवणच्या बाजारात येते, लिलाव होतो, आणि छायाबाई तिथं उभी राहून भल्याभल्यांना गप्प बसवते. एके दिवशी लिलावातच तिची छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. क्रेटला धरून उभी राहिली म्हणे.

माझ्याकडे आली दुपारी!

चेहरा कागदासारखा पांढरा. ठोके एकशे तीस. मी विचारलं, "सकाळीच का नाही आलात? बाजार ते दवाखाना चालत आलं तरी किती अंतर आहे?"

"क्रेटमधी चिलापी व्हती की, म्याडम."

"अहो, चिलापी मोठी की जीव मोठा?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू व्यापारातलं मला काहीच कळत नाही. म्हणाली, "जीव थांबतो वो थोडा वेळ. मासळी थांबत न्हाय!"

तपासलं तर अंगात रक्तच नव्हतं. कित्येक महिने थोडं थोडं जात होतं, आणि हृदय बिचारं पातळ रक्त जोराजोरात फिरवून वेळ मारून नेत होतं. बारामतीला पाठवून रक्त भरलं, गोळ्या सुरू केल्या, बाई टुणटुणीत झाली. मग कृतज्ञता म्हणून गमबूट घालून, मासळीची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर! पिशवी गळत होती.

मंगलताईंनी त्या दिवशी फरशी फिनेलने चारदा पुसली. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला आणि दारावर लावला, 'पाय स्वच्छ धुऊनच आत यावे.' खाली लिहिलं होतं, 'हुकमावरून.'

मी विचारलं, "हुकूम कुणाचा?"

"तुमचाच," त्या म्हणाल्या.

* * *

एमआयडीसीतला एक मुलगा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, रोज भिगवणहून मोटरसायकलवर बारामतीला ड्युटीला जाणारा. हा मात्र न आवरता आला होता. कारखान्याचा गणवेश तसाच अंगावर. मला इतका आनंद झाला की मी त्याला नंबर सोडून आत घेतला.

"काय होतंय?"

"मला काय न्हाय होत, म्याडम. घड्याळाला व्हतंय."

त्याने नवीन स्मार्टवॉच घेतलं होतं. ते बसल्या जागी ठोके एकशे चाळीस, एकशे पन्नास दाखवत होतं. लाइनवरच्या सगळ्या पोरांनी ते आळीपाळीने हातात घालून बघितलं. त्यांचे ठोके बरोबर. याच्या हातात घातलं की पुन्हा एकशे चाळीस! सगळ्यांनी मिळून निदान केलं, घड्याळ खराब आहे.

"मग दुकानात गेलो. दुकानदार म्हणतोय, बदलून देतो, पण डॉक्टरचं लिहून आण की माणूस चांगला हाय. तेवढं एक लिहून द्या."

मी त्याचा हात हातात घेतला. हात थरथरत होता, तळवा ओला, नाडी मोजता मोजता माझीच धांदल उडाली. विचारलं, "वजन उतरलंय?" उतरलं होतं. "चक्कर येते?" गाडीवर दोनदा आली होती! "भूक?" भूक मात्र जबरदस्त. थायरॉइडची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट मला वाटलं तसाच आला, थायरॉइड वाढलेलं.

त्याला सगळं समजावून सांगितलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, ठोके उतरेपर्यंत मोटरसायकल बंद, बसने जायचं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि उठताना पडेल आवाजात म्हणाला, "म्हंजी घड्याळ काय बदलून मिळत न्हाय!"

* * *

आता किसनआबा.

किसनआबा म्हणजे साठी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. भिगवण-बारामती रस्त्याला आत त्यांची वस्ती. ऊस आहे, थोडी भेंडी, थोडी वांगी. घरात सुभद्राकाकू, मुलगा नितीन आणि सून प्रियांका.

आबांना बसल्या बसल्या छातीत काहीतरी एकदम सुरू व्हायचं. त्यांच्याच शब्दांत, "बटन दाबल्यागत सुरू हुतंय आन् बटन दाबल्यागत बंद." मधल्या वेळात डोळ्यांपुढे अंधारी, पाय लटपटत. हे ऐकल्याबरोबर मला काय असावं ते कळलं होतं. हृदयात विजेच्या वाटा असतात, त्यात काहींना जन्मतः एक जादा वाट असते, आणि कधीतरी करंट त्या वाटेने गोल गोल फिरायला लागतो. यावर चांगला इलाज आहे. पण पुढे पाठवायचं तर झटका चालू असतानाचा ईसीजी हातात हवा. एरवी ईसीजीची पट्टी स्वच्छ येते, माणूस एकदम ठणठणीत दिसतो.

आणि आबा यायचे कसे? आंघोळ करून, पांढरा शुभ्र सदरा, पांढरा लेंगा, कडक टोपी, पायात पुसलेल्या चपला. बोर्ड वाचून बाहेरच्या नळावर पुन्हा पाय धुवायचे. ओळीत बसायचे. नंबर आला की म्हणायचे, "मगाशी लय व्हतं. आता काय न्हाय."

ईसीजी नॉर्मल!

पुन्हा महिन्याभराने तेच. पुन्हा नॉर्मल. मी चिडून म्हणायची, "आबा, चालू असताना या ना!"

"चालू असताना कसं येणार? चक्कर येतीया की."

"मग नितीनला सांगा."

"त्यो दारं धरतोय. पाणी सोडून माणूस जातो का कुठं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाला पाणी देताना एका सरीतलं पाणी पुढच्या सरीत वळवायला माणूस उभा लागतो. त्याला दारं धरणं म्हणतात. शेतीची लाईट ठरलेल्या तासांपुरती येते. तेवढ्यात भिजेल तेवढं भिजवायचं. माणूस हलला की बांध फुटतो, पाणी शेजारच्या रानात जातं, आणि त्यावरून भावकीत बोलणं बंद होतं. आबांनी आयुष्यात एकदाही चालू पाणी सोडलेलं नव्हतं. हे ते असं सांगायचे, जसं दुसरा कुणी आपलं शिक्षण सांगेल.

मला भीती होती ती विहिरीची. मोटर चालू करायला आबा रोज विहिरीच्या कडेला जायचे. तिथं छातीतलं बटन दाबलं गेलं तर? मी नितीनला तसं स्पष्ट सांगितलं, "एक दिवस ते विहिरीत जातील."

नितीन वाईट मुलगा नाही. एकट्याने सगळं रान ओढणारा, दमलेला मुलगा आहे. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे ईसीजी काढले आणि माझ्यासमोर एकावर एक ठेवले. सगळ्यांवर माझ्याच अक्षरात 'नॉर्मल' लिहिलेलं होतं.

"मग आबांना व्हतंय तरी काय, म्याडम? दारं धरायची पाळी आली की चक्कर येती आन् दवाखान्यात आलं की जाती."

आबा बाजूलाच बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी नीट करत राहिले.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. माझेच कागद आबांच्या विरुद्ध साक्ष देत होते.

* * *

मग मी आबांना बारामतीला पाठवून होल्टर लावला. होल्टर म्हणजे छातीला चिकटपट्ट्या आणि त्याला जोडलेलं एक छोटं यंत्र. दिवस-रात्र अंगावर ठेवायचं, प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो. म्हटलं, आता बघू कुठे पळतो झटका!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या टेक्निशियनचा फोन. आवाज गंभीर. "मॅडम, तुमचा पेशंट काल दुपारपासून मेलेला आहे."

"काय?"

"सरळ रेषा आहे. एकही ठोका नाही. आणि तो आत्ता माझ्यासमोर उभा आहे, यंत्र परत द्यायला आलाय!"

आबांना फोनवर घेतलं. झालं होतं असं की घरी गेल्यावर आबांनी विचार केला, यंत्र महागाचं, परक्याचं, रानात घाम-पाणी लागेल, भिजेल. म्हणून चिकटपट्ट्या हळूच सोडवल्या, पुसून घेतल्या, आणि यंत्र सदऱ्याच्या शेजारी खुंटीला लावलं. आज बारामतीला जाताना आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, यंत्र पुन्हा पिशवीत घेतलं.

"आणि मधे झटका आला होता का?"

"आला की! लय मोठा आला."

फाइलमध्ये तो रिपोर्ट अजून आहे. आमच्या तालुक्यात खुंटीचा ईसीजी काढलेली मी एकटीच डॉक्टर असेन!

* * *

एका साखर कारखान्याच्या निवडणुकीची मतमोजणी होती. त्या दिवशी आमच्याकडे धडधडीचे पेशंट येणार हे ठरलेलंच असतं. तसे आले. दोन्ही पॅनेलचे एकेक, दोघंही उमेदवार, पाच मिनिटांच्या अंतराने. खाटा शेजारी शेजारी. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली.

पहिल्याचा ईसीजी झाला. मंगलताई त्याच वायरी घेऊन दुसऱ्याकडे गेल्या, तर तो उठून बसला. "त्याच्या अंगाच्या वायरी मला नकोत. दुसरं मशीन आणा!"

मंगलताई म्हणाल्या, "दुसरं मशीन बारामतीला आहे. तोवर थांबायचं असेल तर थांबा."

झोपला गुपचूप. दोघांचेही ईसीजी तसे ठीक होते. काळजी, जागरण आणि रिकाम्या पोटी चहा. तेवढ्यात पहिल्याच्या फोनवर निकाल आला. दुसरा पडला होता. बाहेर हलगी वाजायला लागली. पडलेला माणूस छताकडे बघत राहिला.

मग हळूच त्याने मला जवळ बोलावलं. "म्याडम, त्याचं किती हाय?"

"काय किती?"

"ठोकं."

"एकशे दहा."

"आन् माझं?"

"एकशे अठरा."

त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हंजी हितं तरी आठनं निवडून आलो!"

* * *

एवढ्या सगळ्या प्रकारांनंतर मला कुणीतरी सुचवलं, म्याडम, एकदा गावात भाषण द्या. आबांच्याच गावच्या ग्रामसभेत दिलं. मुद्दाम तेच गाव निवडलं होतं. समोर आबा पांढऱ्या कपड्यांत बसलेले, शेजारी नितीन.

मी अर्धा तास जीव तोडून बोलले. धडधड कधी साधी असते, कधी नसते. सोबत चक्कर असेल तर काय करायचं. कुणी बेशुद्ध पडलं तर त्याला दोन बाजूंनी धरून अंगणात फिरवत बसू नका, आडवं करा, पाय उंच ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. नाकाला कांदा लावायला वेळ घालवू नका. झटका आला तर काम टाका, पाणी टाका, मासळी टाका, पण निघा! दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. घसा बसला.

समारोपाला सरपंच उठले. माइक हातात घेतला, खाकरले, आणि म्हणाले, "तर मंडळी, म्याडमनी लय मोलाचं मार्गदर्शन केलं. सगळ्याचं सार काय? तर घाबरायचं न्हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला नारळ मिळाला.

* * *

सभा संपल्यावर सुभद्राकाकूंनी मला घरी चहाला नेलं. मी जरा वैतागलेलीच होते. म्हटलं, "काकू, तुम्ही तरी ऐका. आबांना आवरू देत जाऊ नका. कशाला हवी ती आंघोळ आणि ते पांढरे कपडे? मी काय मुलगी बघायला बसलेय का तिथे?"

काकू चुलीपुढे होत्या. मागे न बघताच बोलल्या.

"माझं थोरलं दीर व्हतं, म्याडम. उसाच्या फडात कोसळलं. ह्यांनी उचलून, बैलगाडीत घालून न्हेलं एका मोठ्या दवाखान्यात. तसंच न्हेलं. अंगाला पाचट, पायाला चिखुल. तितली बाई म्हणली, असला कुठं आत आणताय, धुऊन आणा आधी. ह्यांनी नळापाशी न्हेलं. पाय धुतलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. त्ये नळापाशीच बसलं खाली. उठलं न्हाईत."

दूध उतू गेलं. काकूंनी पातेलं उतरवलं, फडक्याने चूल पुसली.

"तवापासनं आमच्यात तसंच कुणी जात न्हाय. चिखलाच्या माणसाला कुणी खुर्ची देत न्हाय, म्याडम. पांढरी कापडं बघून तरी आत घेत्यात."

चहा कसा होता ते मला आठवत नाही. इतकी वर्षं मी 'आवरून येतो' या शब्दांवर हसत होते, जेवणांमध्ये सांगून लोकांना हसवत होते. त्या घरातून निघताना मला ते शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायची भीती वाटायला लागली.

दवाखान्यात आल्यावर हे मंगलताईंना सांगितलं. त्या बादली उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरचा बोर्ड गायब!

मी विचारलं, "ताई, बोर्ड कुठं गेला?"

"वाळवी लागली होती. काढला."

पत्र्याच्या बोर्डाला वाळवी!

* * *

आणि मग तो दिवस. ओपीडी खच्चून भरलेली. बाहेर बाकावर छायाबाई गोळ्या न्यायला आलेली. मंगलताईंनी नुकतीच फरशी पुसलेली, अजून ओली होती.

दारात एक स्कूटर येऊन थांबली. प्रियांका चालवत होती, मधे आबा, मागून काकूंनी आबांना दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. आबांच्या अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. गुडघ्यापर्यंत चिखल. डोक्यावर टोपी नाही, पायात काही नाही. ओठ पांढरे पडलेले, पण शुद्ध होती.

काकू दारातूनच ओरडल्या, "म्याडम, तसंच आणलंय! आवरतो म्हणत व्हतं. म्हणलं, घाला काय घालायचंय ते! पांढरी कापडं रोज सकाळी बादलीत भिजवून ठिवतीया मी!"

सगळा बाक आबांकडे बघत होता. आबा उंबऱ्याशी अडखळले. मान खाली घालून डावीकडे नळ शोधायला लागले. अंधारी येतेय, पाय लटपटतायत, आणि हा माणूस नळ शोधतोय!

"पाय…" म्हणाले.

मी उठेपर्यंत मंगलताई पोचल्या होत्या. त्यांनी आबांच्या काखेत हात घातला. "पायाचं राहू द्या, आबा. या आत."

"फरशी वली हाय…"

"माझीच आहे. या."

ओल्या फरशीवर दारापासून खाटेपर्यंत चिखलाची पावलं उमटली. बाकावरून छायाबाई ओरडली, "सरका की वो बाजूला, बघताय काय!"

वायरी लावल्या, मशीन सुरू केलं. पट्टी बाहेर यायला लागली आणि मी लहान मुलीसारखी ओरडले, "सापडला!" ठोके एकशे नव्वद. तीच जादा वाट, तोच गोल गोल फिरणारा करंट, स्वच्छ कागदावर! बीपी कमी होतं, पण घाबरण्याइतकं नाही. एक रिकामी सिरिंज आबांच्या हातात दिली. "दट्ट्या हलेपर्यंत फुंका. जोरात. सोडू नका." आबांनी गाल फुगवून फुंकलं. मग त्यांना झटकन आडवं करून पाय वर उचलायचे असतात. मंगलताईंनी उचलले. चिखलाने भरलेले ते दोन पाय पांढऱ्या एप्रनला टेकवून धरले, आणि मॉनिटरकडे बघत राहिल्या.

एकशे नव्वद. एकशे नव्वद. मग एकदम एक ठोका चुकला, आणि अठ्ठ्याहत्तर.

"बंद झालं," आबा म्हणाले. "बटन दाबल्यागत."

मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. सांगितलं की आता पुण्याला पाठवता येईल, पायातल्या शिरेतून एक बारीक तार नेऊन ती जादाची वाट बंद करतात, मोठं ऑपरेशन नाही. बहुतेकांचं कायमचं सुटतं. आबा पट्टीकडेच बघत होते.

"म्हंजी व्हतं तर," ते म्हणाले. "व्हतं." आणि डोळ्यांवर आडवा हात घेऊन रडायला लागले. काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

तेवढ्यात नितीन आला. प्रियांकाने त्याला फोन केला होता. तोही तसाच, कमरेपर्यंत भिजलेला, पायांना ओला चिखल. दारात थांबला. आत येईना.

मी म्हटलं, "ये आत."

तो आला. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. वर काही लिहिलेलं नव्हतं.

"नॉर्मल न्हाय?"

"नाही."

तो खाटेपाशी गेला. आबांनी डोळ्यांवरचा हात काढला. त्याच्या भिजलेल्या पायांकडे बघितलं. मग खिडकीबाहेर, उन्हाकडे बघितलं. लाईटची वेळ होती.

"मोटर बंद केलीस न्हवं?"

नितीनने मान हलवली. "न्हाय."

"मग दारं कोण धरतंय?"

"कुणी न्हाय, आबा. तसाच आलो."

मॉनिटरपाशी उभ्या असलेल्या मंगलताई घाईघाईने वळल्या.

"डॉक्टर, एकशे वीस!"